लाल अक्षरातली सूचना प्रिंटवर फिकट का येते?

अर्जाच्या नमुन्यात, परीक्षेच्या वेळापत्रकात, सोसायटीच्या नोटिशीत एखादी ओळ हमखास लाल असते. अंतिम तारीख, दंडाची रक्कम, 'मूळ कागदपत्रं सोबत आणावीत'. टाइप करणाऱ्याचा हेतू सरळ असतो: बाकी काही वाचलं नाही तरी एवढं वाचा. मग ती फाइल व्हॉट्सअ‍ॅपवरून फिरते, कोल्हापुरात राजारामपुरीतल्या नाहीतर बिंदू चौकाजवळच्या एखाद्या झेरॉक्सच्या दुकानात तिची काळी प्रिंट निघते, आणि कागदावर नेमकी तीच ओळ सगळ्यात पुसट असते. बाकीचा मजकूर काळाकुळकुळीत, लाल ओळ मात्र करडी आणि कडांना दाते पडलेली.

गिऱ्हाईक विचारतं, "टोनर संपत आलाय काय ओ तुमचा?" दुकानदारही कधी कधी काट्रिज काढून हलवून बघतो. यात टोनरचा, म्हणजे प्रिंटरमधल्या काळ्या पुडीचा, काही दोष नसतो. त्याच पानावर शेजारची ओळ काळीभोर उमटली आहे, एवढा पुरावा पुरे. टोनर संपत येतो तेव्हा पानावर वरून खाली एक फिकट पट्टा दिसायला लागतो आणि त्या पट्ट्यात जे येईल ते सगळंच फिकट होतं. अक्षराचा रंग बघून टोनर कमी पडत नाही.

खरं कारण दोन टप्प्यांत आहे. आधी रंगाचा करडा होतो, मग त्या करड्याचे ठिपके होतात. पहिल्या टप्प्यात रंगारंगांतला फरक जातो, दुसऱ्या टप्प्यात अक्षराची धार जाते. देवनागरीला हा दुसरा टप्पा जास्त बाधतो, आणि त्याबद्दल बोललं फार कमी जातं. डीटीपीच्या, म्हणजे कॉम्प्युटरवर मजकूर टाइप करून मांडण्याच्या, कामात असलेल्या माणसाला ते रोज दिसतं, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

रंगाचं वजन

वर्ड किंवा लिबरऑफिस रायटर अक्षराचा रंग तीन आकड्यांत साठवतो: लाल किती, हिरवा किती, निळा किती. प्रत्येक आकडा ० ते २५५. तिन्ही शून्य असले की काळा, तिन्ही २५५ असले की पांढरा. शुद्ध लाल म्हणजे २५५, ०, ०. प्रिंटचं बटण दाबलं की वर्ड हे आकडे पुढे पाठवून देतो. समोरचं मशीन काळं आहे की रंगीत, याची चिंता तो करत नाही. ती चिंता प्रिंटरच्या ड्रायव्हरची, म्हणजे पान मशीनला समजेल अशा रूपात बदलून देणाऱ्या प्रोग्रॅमची. काही मशीनमध्ये हा हिशेब कॉम्प्युटरवर होतो, काहींमध्ये प्रिंटरच्या आत.

ड्रायव्हरपुढे दोन वाटा असतात. प्रत्येक अक्षर सरळ काळं करून टाकायचं, किंवा रंग जितका उजळ तितका करडा द्यायचा. त्याला वेगळं काही सांगितलं नाही तर तो सहसा दुसरी वाट धरतो, आणि त्याचं तसं करणं समजण्यासारखं आहे. त्याच्याकडे लाल अक्षर येतं तसाच आलेखातला लाल खांब येतो, लोगो येतो, फोटो येतो. सगळंच काळं केलं तर पानावर काळे डाग उरतील.

आता तीन आकड्यांचा एक करडा आकडा कसा करायचा? सोपा उपाय म्हणजे सरासरी. पण सरासरी काढली तर शुद्ध लाल, शुद्ध हिरवा आणि शुद्ध निळा या तिघांचाही करडा एकसारखाच येतो, ८५. डोळ्यांना ते मुळीच पटत नाही. स्क्रीनवर शुद्ध हिरवा चांगला उजळ दिसतो आणि शुद्ध निळा गडद. आपल्या डोळ्यांची संवेदना हिरव्याच्या आसपास सर्वाधिक असते. निळ्याचा उजेड जाणवण्यातला वाटा अगदी थोडा. म्हणून तिघांना वेगवेगळं वजन दिलं जातं: लालला ०.२९९, हिरव्याला ०.५८७ आणि निळ्याला ०.११४. लेझर प्रिंटरच्या पोस्टस्क्रिप्ट भाषेतही जवळपास हेच आकडे आहेत, फक्त सोयीसाठी ०.३०, ०.५९ आणि ०.११ असे केलेले.

ही वजनं प्रिंटरसाठी जन्माला आलेली नाहीत. १९५३ साली अमेरिकेत रंगीत टीव्हीचं मानक मंजूर झालं तेव्हा अट अशी होती, की घरोघरी असलेल्या ब्लॅक अँड व्हाइट संचांवरही तेच प्रक्षेपण नीट दिसलं पाहिजे. रंगीत चित्रातून उजेडाचा भाग वेगळा काढण्यासाठी हे समीकरण बसवलं गेलं. आपल्याकडे १९८२ साली दूरदर्शन रंगीत झालं आणि पुढची कितीतरी वर्षं अनेक घरांत जुन्याच संचावर रंगीत कार्यक्रम करड्या छटांत बघितले गेले. त्यामागेही हेच समीकरण होतं. आज नोटिशीच्या लाल ओळीला प्रिंटर तेच लावतो.

लावून बघू. शुद्ध लालचा करडा येतो ७६. ० म्हणजे काळा आणि २५५ म्हणजे पांढरा हे लक्षात घेतलं तर ७६ म्हणजे साधारण ७० टक्के काळेपणा. पिवळ्याचा येतो २२६, म्हणजे जेमतेम ११ टक्के काळेपणा. मिरवणुकीच्या पत्रकात वापरतात तो भगवा, समजा २५५, १५३, ५१ असा घेतला, तर १७२ येतो. म्हणजे काळेपणा ३३ टक्के. स्क्रीनवर झळाळणारं भगवं शीर्षक काळ्या प्रिंटवर एक तृतीयांश ताकदीनं उमटतं.

सगळा घोटाळा इथे आहे. काळ्या प्रिंटरवर कुठलाही रंग काळ्यापेक्षा फिकटच येणार. ठळक दिसावं म्हणून रंग दिला की कागदावर ते अक्षर कमी ठळक होतं. जोर द्यायला घेतलेलं साधन जोर काढून घेतं.

दुसरी अडचण त्याहून छुपी. उजेड सारखा असलेले दोन वेगळे रंग करड्यात एकच होतात. वर्डच्या जुन्या आवृत्त्यांत रंगांच्या यादीत एक गडद हिरवा होता: ०, १२८, ०. त्याचा करडा ७५. लालचा ७६. कागदावर हे दोन रंग कुणालाही वेगळे ओळखता येणार नाहीत. त्या काळात बनवलेले नमुने अजून सरकारी आणि शाळेच्या कामात फिरत असतात. नव्या वर्डमधल्या नेहमीच्या पट्टीतही लालचा करडा ७६, जांभळ्याचा ८० आणि निळ्याचा ८८ येतो. वेबसाइटचा पत्ता टाइप केल्यावर आपोआप येणारी निळी लिंक अनेक आवृत्त्यांत ८२. हे चारही एकाच करड्याचे भाऊबंद.

शाहू स्टेडियमवरच्या फुटबॉल हंगामाचा तक्ता कुणी एक्सेलमध्ये केला आणि एका गटातले संघ लाल, दुसऱ्यातले जांभळे, तिसऱ्यातले निळे दाखवले, तर मोबाइलवर तक्ता छान वाचता येईल. तालमीच्या फळ्यावर त्याची काळी प्रिंट लागली की तीन गटांचा एकच गट होईल. वर सांगितलेल्या गडद हिरव्या चौकटीत लाल अक्षरं असतील तर त्याहून वाईट, अक्षर आणि पार्श्वभूमी दोन्ही सारख्याच करड्या होतील. हळदी-कुंकवाचं जुनं जोडकाम मात्र इथेही टिकतं. पिवळ्यावर लाल म्हणजे २२६ वर ७६, सहज वाचता येतं.

कोल्हापूरला हा विचार नवा वाटू नये. आपल्याकडे चित्रकला शिकवताना मुलांना डोळे किलकिले करून बघायला सांगतात. त्यानं रंग मागे पडतो आणि उजेड-अंधार पुढे येतो. लाल लुगडं आणि हिरवं झाड एकाच छटेचं आहे का, ते कळतं. १९२०च्या दशकाच्या सुरुवातीला बाबूराव पेंटर इथे मूकपट करत होते तेव्हा जगभर चालणारी नेहमीची फिल्म लाल उजेडाला जवळपास आंधळी होती. तिच्यावर लाल रंग काळा येई आणि निळं आभाळ पांढरं. म्हणजे कुठल्या रंगाचा किती करडा हे निसर्गानं एकदाच ठरवून दिलेलं नाही. प्रत्येक यंत्र ते आपल्या पद्धतीनं ठरवतं. दोन दुकानांतल्या दोन प्रिंटरवर एकच लाल ओळ वेगळी दिसते ती यामुळेही.

करडी शाई नसतेच

आता दुसरा टप्पा. ड्रायव्हरनं ठरवलं, की लाल अक्षर ७० टक्के काळं छापायचं. पण साध्या लेझर प्रिंटरमध्ये करडा टोनर नसतो. काळी पूड असते आणि पांढरा कागद. लेझरचा किरण ड्रमवर, म्हणजे आतल्या फिरत्या नळकांड्यावर, जिथे पडतो तिथे पूड चिकटते, ती कागदावर उतरते आणि उष्णतेनं वितळून बसते. एका ठिकाणी ठिपका आहे किंवा नाही. अर्धा ठिपका नाही. (काही मशीनमध्ये एका ठिपक्याची रुंदी थोडी कमी-जास्त करता येते, पण काम त्याच तत्त्वावर चालतं.)

मग करडा कुठून आणायचा? काळे ठिपके विरळ-दाट पेरून. जुन्या वर्तमानपत्रातला फोटो भिंगाखाली धरला तर चेहरा नाहीसा होतो आणि लहान-मोठे ठिपके दिसतात. गडद जागी मोठे, उजळ जागी बारीक. हातभर अंतरावरून डोळा ते एकत्र करतो आणि त्याला छटा दिसते. छपाईत याला हाफटोन म्हणतात. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या वीस वर्षांत ही पद्धत जगभर रुळली. भारतात या कामात मोठं नाव उपेंद्रकिशोर रायचौधरी यांचं. १८९५ साली त्यांनी कोलकात्यात ब्लॉक करण्याचा व्यवसाय उभा केला आणि हाफटोनच्या पडद्यावर त्यांनी केलेलं संशोधन इंग्लंडमधल्या छपाईच्या नियतकालिकात छापून आलं. आपल्या खिळ्यांच्या छापखान्यांतली जुनी माणसं 'फोटोचा ब्लॉक करून आणा' म्हणत, तो हाच ठिपक्यांचा ब्लॉक.

प्रिंटर हेच काम चौकटी आखून करतो. गल्लीतल्या नेहमीच्या लेझर प्रिंटरची क्षमता इंचाला ६०० ठिपके. समजा त्यानं आठ बाय आठ ठिपक्यांची एक चौकट धरली. एका चौकटीत ६४ जागा. त्यांपैकी एकही भरली नाही तर पांढरा, सगळ्या भरल्या तर काळा, आणि मधल्या सगळ्या करड्याच्या छटा. मिळून ६५ पायऱ्या. लाल अक्षराला ७० टक्के हवं, तर ६४ पैकी सुमारे ४५ जागा भरायच्या. पिवळ्याला फक्त ७.

याची किंमत मोजावी लागते. इंचाला ६०० ठिपके असले तरी चौकटी इंचाला फक्त ७५ बसतात. चौकट लहान करून चार बाय चार घेतली तर इंचाला १५० बसतील, पण मग छटा १७ च उरतात. छटा जास्त हव्यात तर बारकावा सोडा, बारकावा हवा तर छटा सोडा. दोन्ही एकदम मिळत नाही. फोटोत हे चालून जातं, कारण गाल आणि आभाळ मोठ्या, सलग जागा असतात. अक्षर तसं नसतं.

आणि काळ्या अक्षराला हे काहीच भोगावं लागत नाही. अक्षराचा रंग ०, ०, ० असला की बाह्यरेषेच्या आतला प्रत्येक ठिपका भरायचा, संपलं. चौकटीचा प्रश्न येत नाही, पूर्ण ६०० च्या बारकाव्यानं कड उमटते. एकाच पानावर काळी ओळ धारदार आणि लाल ओळ केसाळ दिसते ती एवढ्यानंच.

शिरोरेषा आणि अनुस्वार

१२ पॉइंटचं अक्षर घेऊ. ७२ पॉइंटचा एक इंच, म्हणजे ६०० च्या प्रिंटरवर १२ पॉइंटला बरोबर १०० ठिपक्यांची उंची मिळते. पण या १०० ठिपक्यांत देवनागरीला वर वेलांटी, मात्रा, रफार आणि खाली उकार, जोडाक्षराचा पाय हे सगळं बसवायचं असतं. मूळ अक्षराच्या वाट्याला त्यातली निम्म्याच्या आसपास उंची येते. बारीक रेघा फाँटप्रमाणे चार-सहा ठिपक्यांच्या. आणि हाफटोनची चौकट आठ ठिपक्यांची.

एक फूट रुंदीच्या बोळात दीड फुटी नक्षीदार फरश्या बसवायच्या ठरवल्या, तर प्रत्येक फरशी कापावी लागेल आणि नक्षी कुठेच पूर्ण दिसणार नाही. बारीक रेघेत चौकटीचं तेच होतं. चौकटीतले कुठले ठिपके रेघेच्या आत पडतील आणि कुठले बाहेर कापले जातील, हे रेघ नेमकी कुठे आली आहे त्यावर ठरतं. एका ठिकाणी रेघ जाड दिसते, चार मिलिमीटर पुढे तुटते. काळ्या छपाईत ठिपक्यांच्या ओळी बहुधा ४५ अंशांत तिरप्या ठेवतात, कारण डोळ्याला तिरपी ओळ कमी खुपते. फोटोला ते बरं. पण आपली शिरोरेषा आडवी आणि काना उभा. दोघांनाही तिरप्या ठिपक्यांनी दाते पडतात.

इंग्रजी अक्षरं यातून बरीच निभावतात. त्यांची घडण मोकळी आहे आणि वर-खाली चिन्हांची गर्दी नाही. मराठीत एखादा बारीक तुकडा गेला की अक्षरच बदलतं. 'ब'च्या पोटातली तिरपी रेघ विरली की 'व' उरतो. 'ष'ची रेघ गेली की 'प'. 'भ' आणि 'म', 'घ' आणि 'ध' यांच्यातला फरक शिरोरेषेजवळच्या एवढ्याशा फटीचा. अनुस्वाराचा ठिपका आठ-दहा ठिपक्यांचा, म्हणजे एका चौकटीएवढा. पिवळ्या-केशरी रंगात तो असून नसल्यासारखा होतो आणि शिंदेंचं शिदे होतं. १ आणि ९ या आकड्यांचंही तेच. आणि लाल करायची सवय आपल्याला नेमकी कशाला आहे? नावाला, तारखेला आणि रकमेला.

अक्षर जाड केलं किंवा मोठं केलं की त्रास बराच कमी होतो. १८ पॉइंटच्या बोल्ड लाल शीर्षकात रेघ चौकटीपेक्षा रुंद होते आणि छटा नीट भरते. खरा बळी जातो तो १० पॉइंटच्या लाल तळटिपेचा.

काळं दिसतं पण काळं नसतं

एक प्रकार असा आहे की ज्यात लाल-हिरवं काहीच नसतं आणि तरी प्रिंट पुसट येते. वेबसाइटवरून मजकूर कॉपी करून वर्डमध्ये पेस्ट केला की त्याचा रंगही सोबत येतो. बऱ्याच वेबसाइट अक्षरं पूर्ण काळी ठेवत नाहीत; ५१, ५१, ५१ असा गडद करडा वापरतात, कारण उजळ स्क्रीनवर तो डोळ्याला सौम्य वाटतो. स्क्रीनवर हा करडा काळाच भासतो. प्रिंटरला मात्र तो ८० टक्के काळा दिसतो आणि पूर्ण मजकुराचे ठिपके पाडून तो मोकळा होतो. शिवाजी विद्यापीठाच्या आसपास प्रोजेक्ट रिपोर्टच्या प्रिंट काढताना हे फार बघायला मिळतं. एका परिच्छेदाचं अक्षर धारदार, पुढच्याचं मऊ. जिथे मऊ होतं तो भाग बहुधा इंटरनेटवरून आलेला असतो.

वर्डमधली तयार हेडिंगही अनेक आवृत्त्यांत निळी असतात. त्यांचा काळेपणा ६० ते ७० टक्क्यांच्या घरात. म्हणजे रिपोर्टभर शीर्षकं मजकुरापेक्षा फिकी छापली जातात. विद्यार्थ्यांनी पैसे मोजून बाइंडिंग केलेल्या रिपोर्टला हे शोभत नाही, आणि दोन मिनिटांत टाळता येतं, म्हणून जास्त वाईट वाटतं.

तपासायचं असेल तर मोबाइलचा कॅमेरा प्रिंटवर जवळ धरून झूम करा. कड सरळ आणि आतून सलग काळं असेल तर अक्षर खरं काळं. आत पांढऱ्या टिकल्या दिसल्या तर फाइलमध्ये रंग आहे. टोनर सेव्ह मोड चालू असेल तर काळ्या अक्षरातही टिकल्या दिसतात, कारण तो मोड मुद्दामच ठिपके विरळ करतो. पण तेव्हा पूर्ण पान सारखंच फिकं असतं.

उपाय कुठे आहेत

वर्डमध्ये सगळ्यात सोपं: फाइलची एक वेगळी प्रत करा, कंट्रोल-ए दाबून सगळं निवडा आणि फाँट कलरमध्ये 'ऑटोमॅटिक' घ्या. सरळ काळा निवडण्यापेक्षा ऑटोमॅटिक बरा. पांढऱ्या कागदावर तो काळाच असतो, आणि एखाद्या तक्त्याचा मथळा गडद पट्टीवर असेल तर तिथे तो आपोआप पांढरा होतो. काळा निवडलात तर तो मथळा काळ्यावर काळा होऊन बसेल.

लिबरऑफिस रायटरमध्ये तर फाइलला हातही लावावा लागत नाही. टूल्स, ऑप्शन्स, लिबरऑफिस रायटर, प्रिंट या वाटेनं गेलं की 'प्रिंट टेक्स्ट इन ब्लॅक' अशी चौकट आहे. तिच्यावर टिक केली की स्क्रीनवर रंग तसेच राहतात आणि कागदावर अक्षरं काळी येतात. एक्सेलमध्ये पेज सेटअपच्या 'शीट' भागात 'ब्लॅक अँड व्हाइट' आहे. त्यानं अक्षरं काळी होतात आणि चौकटींमागचे रंगही छापले जात नाहीत. पॉवरपॉइंटच्या प्रिंटमध्ये 'प्युअर ब्लॅक अँड व्हाइट' आहे. त्याच्या शेजारीच 'ग्रेस्केल' असतो, आणि लोक सवयीनं तोच निवडतात. ग्रेस्केल म्हणजे आपण ज्याचं दुःख करतो आहोत तेच ठिपके. अनेक प्रिंटरच्या ड्रायव्हरमध्येही अ‍ॅडव्हान्स्ड भागात 'प्रिंट ऑल टेक्स्ट अ‍ॅज ब्लॅक' ही सोय असते. झेरॉक्स-डीटीपीच्या दुकानदारांनी ती एकदा शोधून ठेवावी अशी माझी मनापासून विनंती आहे. अर्ज, उतारे, नोटिसा छापणाऱ्या दुकानात ती कायम चालू असली तरी काही बिघडत नाही.

पिवळ्या हायलाइटचं वेगळं. त्यात अक्षर काळंच असतं, पण त्याच्यामागे ११ टक्क्यांचे विरळ ठिपके पडतात आणि ते मात्रा-अनुस्वारांत मिसळतात. अनुस्वार कुठला आणि हायलाइटचा ठिपका कुठला हे कळेनासं होतं. वर्डच्या ऑप्शन्समध्ये 'डिस्प्ले' भागात 'शो हायलाइटर मार्क्स' वरची टिक काढली की हायलाइट स्क्रीनवरूनही जातो आणि प्रिंटवरूनही.

मुळात फाइल बनवणाऱ्यानं जोर द्यायला रंगाखेरीज आणखी काहीतरी वापरावं: बोल्ड, चौकट, मोठं अक्षर, आधी 'महत्त्वाचं' असा शब्द. वर्डच्या ट्रॅक चेंजेसमध्ये, म्हणजे दुरुस्त्या दाखवण्याच्या सोयीत, ही समज आहे. नवा मजकूर रंगीत तर होतोच, शिवाय त्याखाली रेघ येते; काढलेल्या मजकुरावर काट बसते. काळ्या प्रिंटवर रंग गेला तरी काय घातलं आणि काय काढलं ते वाचता येतं. आपल्या नोटिशीतही लाल ठेवा, पण तिला बोल्डची जोड द्या.

रंगीत इंक टँक प्रिंटर असला म्हणजे सुटलो, असंही नाही. केशरी शाईची बाटली नसते. केशरी अक्षर किरमिजी आणि पिवळ्या ठिपक्यांतूनच बनतं. बारीक रंगीत अक्षराची कड तिथेही मऊ पडते. आणि त्या प्रिंटरवर ग्रेस्केल निवडलं तरी काही मशीन करडा बनवायला रंगीत शाया मिसळतात. नुसती काळी शाई वापरायची असेल तर तशी वेगळी सेटिंग असते का ते बघावं.

झेरॉक्सची झेरॉक्स

कोल्हापुरात १८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच बसतं. तिथे, कलेक्टर कचेरीत, तहसीलमध्ये, बँकेत, कुठेही कागद एकटा जात नाही. त्याचे संच होतात आणि संचांचे पुन्हा संच. पहिली प्रिंट ठिपक्यांची असेल तर प्रत्येक पिढीत ती ढासळते. कॉपिअर 'टेक्स्ट' मोडवर असेल तर तो कागदावर काळं आणि पांढरं एवढेच दोन निवाडे करायला बघतो; गडद ठिपक्यांचे पुंजके काळे गोळे होतात, विरळ ठिपके उडून जातात. म्हणून करडी अक्षरं असलेल्या कागदाची कॉपी 'टेक्स्ट-फोटो' किंवा 'फोटो' मोडवर काढायला सांगावी. पूर्ण काळ्या अक्षरांना टेक्स्ट मोडच चांगला.

मोबाइलवरच्या स्कॅन अ‍ॅपमधला 'ब्लॅक अँड व्हाइट' फिल्टर हाच निवाडा आणखी कठोरपणे करतो. भगवी-पिवळी ओळ त्यात बिनबोभाट नाहीशी होते, आणि कागद इतका स्वच्छ दिसतो की काही गेलं आहे अशी शंकाही येत नाही. महत्त्वाचा कागद स्कॅन करताना तो मूळ रंगात ठेवावा.

राहिला तो स्क्रीनशॉट. नोटीस फोटो म्हणून आली असेल तर वर सांगितलेली अक्षरं काळी करण्याची कुठलीही सेटिंग चालत नाही, कारण प्रिंटरच्या लेखी तिथे अक्षर नाही, चित्र आहे. आधी मूळ वर्ड किंवा पीडीएफ फाइल मागून बघा. मिळालीच नाही तर तो फोटो वर्डमध्ये घाला, पिक्चर फॉरमॅटमध्ये 'कलर'वर जा आणि 'ब्लॅक अँड व्हाइट ५० टक्के' निवडा. ७६ चा लाल मधल्या रेषेच्या अलीकडे असल्यामुळे पूर्ण काळा होईल. पण वर्डच्या पट्टीतला केशरी १८९ चा आहे, तो रेषेपलीकडे जाऊन कोरा पांढरा होईल. तेव्हा प्रिंट मारण्याआधी स्क्रीनवरचं पान मूळ फोटोशेजारी ठेवून, तारखा आणि रकमा एकेक करून ताडून घ्या.